पन्हाळ्याचं आभाळ पन्हाळ्यालाच विचारा

आज दुपारी आत्तीचा पन्हाळ्यावरनं फोन आला. "सगळ्या कुरडया गेल्या बघ रे." एवढंच बोलली आणि ठेवला.

सकाळी मीच सांगितलं होतं तिला, आज पाऊस नाही म्हणून. मोबाईलात कोल्हापूर टाकलं, 38 डिग्री, कडक ऊन, पावसाची शक्यता शून्य. म्हटलं आत्ती बिनधास्त घाल. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचं, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, सोऱ्यानं एकेक कुरडई घालायची, सत्तरीच्या पुढची बाई एकटी करते हे सगळं, आणि वळीव आला तो गारा घेऊनच.

राग कशाचा आलाय सांगतो. कोल्हापूर 1,800 फुटांच्या आसपास, पन्हाळा 3,000 च्या वर. अंतर म्हणाल तर 20 किलोमीटर, पण वाघबीळ सोडून वर चढताना गाडीची काच खाली करा, हवा बदललेली लगेच कळते. चैत्रात इथं फॅनखाली घाम निथळतोय आणि तिकडं गडाच्या तीन दरवाजापाशी सांजचं वारं सुटलं की अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. अशा दोन गावांना एकच आकडा? आधी तर अलर्ट आला तरी अख्ख्या जिल्ह्याला एक रंग असायचा, घाटातलं गगनबावडा आणि सपाटीवरचं शिरोळ एका रंगात! लई झालं हे. गडावर माणसं राहतात, नुसते वीकेंडचे पर्यटक नाहीत.

वीज पडायच्या आधी दामिनी ॲप सांगतं, त्यानं जीव वाचतात, मान्य. पण कुरडया, कडबा, वीटभट्टीवरच्या कच्च्या विटा यांचं कोण बघणार?

आत्तीचा हिशोब साधा असायचा. सकाळपासनं वारं पडलंय, उकाडा अंगाला चिकटतोय आणि दुपारी जोतिबाच्या बाजूला ढग ढिगासारखा वर चढायला लागला, की तासाभरात सगळं आत. वळीव बहुतेक उगवतीकडनंच येतो. तापलेली दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, वर गार होते, म्हणून खाली गावात लख्ख ऊन असताना गडावर ढग जमतो. हे मला पुस्तकात वाचून कळलं, तिला न वाचता ठाऊक होतं. लहानपणी आम्ही पोरं हसायचो, आभाळात एक ढग नाही आणि ही लुगडं गुंडाळतीय. पंधरा मिनिटांत पत्रे वाजायला लागायचे.

मग आज कशी चुकली? चुकली नाही ती. दोन वर्षं झाली डोळ्यांना नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं पुढं ढकललंय. पहिल्यांदाच तिनं आभाळाकडं न बघता माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी ऑफिसात बसून तिला खालच्या गावाचा आकडा वाचून दाखवला. ॲपवर चिडून लिहायला बसलो होतो, आता तो फोन आठवला की बोलवत नाही.

गडावरच्या दोस्तांनो, एवढं करा. पाऊस सुरू होईपर्यंत रोज दुपारी जोतिबाकडच्या आभाळाचा एक फोटो टाकत जा. आमच्यासारख्यांच्या घरची माणसं वर आहेत, आम्हाला खाली बसून काही दिसत नाही.

रविवारी पाच किलो गहू घेऊन वर जातोय. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ पण घेतलीय. कुरडया घालायच्या दिवशी मी अंगणात उभा राहून वारं कुठनं येतंय, ढग कुठं आहे ते सांगणार, घालायच्या की नाही ते आत्ती ठरवणार.