बाजूचा प्लॉट आधीच गेलेला असतो

नागपूरला कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री यायला लागली की किती गाड्या येतील हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. येतील तितक्या येतील. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र पहिल्याच ओळीत आकडा हवा असतो. गाड्यांचा ॲरे, म्हणजे मेमरीतली एकसारख्या नगांची सलग ओळ, केवढा? घ्या पाचशे, असं आपण म्हणतो, आणि हमखास पाचशे एकावी गाडी फाटकातून आत येते.

ॲरेची सगळी पंचाईत अशी की त्याची माणसं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. म्हणून तर तीनशेविसावी गाडी कुठे आहे हे एका गुणाकारात कळतं. पण ओळीला लागून पुढची जागा रिकामी असेलच याची हमी कोण देणार? बेसा रोडवर प्लॉट घेताना 'पुढे वाढवू' म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तुम्ही वाढवायला निघता तेव्हा बाजूच्या प्लॉटवर दुसऱ्याची पाटी लागलेली असते.

म्हणून ॲरे 'वाढवणे' हा बहुतेक वेळा चक्क बिऱ्हाड हलवण्याचा प्रकार असतो. दुसरीकडे मोठी जागा घ्यायची, सगळं सामान नेऊन त्याच क्रमाने लावायचं, जुनी खोली सोडायची. सी भाषेत हे काम रीअलॉक करतो. बाजूची जागा रिकामी मिळाली तर जागच्या जागी भिंत सरकवतो, नाहीतर सामान उचलून नवा पत्ता हातात देतो. काही वेळा दोन्ही जमत नाही, तेव्हा तो नल, म्हणजे 'पत्ताच नाही' असं उत्तर, परत करतो.

इथेच नवशिक्यांचा घात होतो. रीअलॉकचं उत्तर ते त्याच जुन्या पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवायच्या चलात, ठेवतात. जागा मिळाली नाही तर जुना ॲरे सुखरूप असतो, रीअलॉक त्याला हातही लावत नाही. पण त्याचा पत्ता आपणच नलने पुसून टाकलेला असतो. आता ती मेमरी वापरता येत नाही आणि सोडताही येत नाही. उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही हे तपासा, मग जुन्यात टाका. तीन ओळींचं काम आहे, पण त्या तीन ओळी लिहायचा आळस मी अजून कुठल्याही ऑफिसात कमी झालेला पाहिला नाही.

दुसरी गंमत बाइट्सची. रीअलॉकला नग कळत नाहीत, बाइट्स कळतात. दोन हजार पूर्णांक हवेत म्हणून नुसते 2000 लिहिले तर चार बाइटच्या हिशेबाने जागा मिळते 500 पूर्णांकांची. पाचशे एकावा आकडा शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसतो. प्रोग्राम तिथे कोसळला तर नशीबच म्हणायचं. तो कोसळतो तासाभराने, भलत्याच फाइलमध्ये, मेमरी सोडणाऱ्या बिचाऱ्या फ्रीच्या ओळीवर. मग सगळे त्या ओळीकडे पाहत बसतात आणि कोणीतरी म्हणतं, "हे इथं काऊन मरून राहिलं बे?"

आता मुख्य प्रश्न, दर वेळी किती वाढवायचं? काटकसरी माणूस म्हणतो, एक-एक जागा वाढवू, उगाच वाया कशाला? हजार गाड्यांपर्यंत असं गेलं तर प्रत्येक वाढीला आधीचं सगळं सामान हलवायचं: एक, दोन, तीन, असं नऊशे नव्याण्णवपर्यंत. बेरीज 4,99,500 नग. दहा-दहाने वाढवलं तर 49,500. आणि जागा संपली की दुप्पट, हा उधळ्या नियम लावला तर एक, दोन, चार करत पाचशे बारापर्यंत, एकूण 1,023. हजार गाड्यांसाठी जेमतेम हजार उचल. घरात ज्याला उधळेपणा म्हणतात तो इथे हिशेबाने स्वस्त पडतो, आणि हे एखाद्या काटकसरी साहेबांना पटवून देणं हे ॲरे वाढवण्यापेक्षा कठीण काम आहे.

साहेबांचं अगदीच चूक असतं असंही नाही. सामान हलवताना जुनी आणि नवी दोन्ही जागा एकाच वेळी ताब्यात असाव्या लागतात. एक जीबीचा ॲरे दुप्पट करताना काही क्षण तीन जीबी लागते. चार जीबीच्या जुन्या मशीनवर, त्यातही ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे असताना, हे क्षण फार लांबतात. दुपटीत आणखी एक खोच आहे. आपण आजवर सोडलेल्या सगळ्या जागा सलग जोडल्या तरी नवी मागणी त्यांच्यापेक्षा मोठीच निघते, म्हणून मागची जागा कधीच पुन्हा कामी येत नाही. दीडपटीने वाढवलं तर काही टप्प्यांनंतर ती येऊ शकते. सी प्लस प्लसमधला वेक्टर म्हणजे आपोआप वाढणारा ॲरे; मायक्रोसॉफ्टचा दीडपट घेतो, जीसीसी या कंपायलरसोबतचा दुप्पट. जावाची ॲरेलिस्ट पहिल्या नगाला दहा जागा धरते, मग 15, 22, 33, 49 अशी दीडपटीने चालते. पायथनची लिस्ट सगळ्यांत हात आखडून असते: नव्या आवृत्त्यांत एकेक नग जोडत गेलात तर 4, 8, 16, 24, 32, 40, 52, 64. मोठी झाल्यावर साधारण आठवा हिस्साच जास्त घेते.

बिऱ्हाड हललं की जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवणारे अडचणीत येतात. वेक्टरमधल्या पहिल्या गाडीचा पॉइंटर जपून ठेवला, नंतर पुशबॅकने शेवटी आणखी एक गाडी जोडली, क्षमता (आधीच घेऊन ठेवलेली जागा) संपलेली होती, म्हणजे तो पॉइंटर आता सोडलेल्या खोलीची कडी वाजवतो. वाईट हे की क्षमता शिल्लक असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. टेस्टिंगला वीस गाड्या, तिथे काही होत नाही. खऱ्या बाजाराच्या दिवशी होतं. उपाय साधा आहे: पत्ता जपू नका, क्रमांक जपा. तीनशेविसावी गाडी नव्या जागीही तीनशेविसावीच असते.

गो भाषेत हाच घोळ उलट्या बाजूने येतो. नग जोडणाऱ्या ॲपेंडचं उत्तर दुसऱ्या नावात घेतलं की क्षमता असेपर्यंत दोन्ही स्लाइस (गोमधले वाढते ॲरे) एकाच मेमरीवर नांदतात, याने लिहिलेलं त्याला दिसतं. क्षमता संपली की एक जण वेगळा राहायला जातो, आणि त्यानंतर कोणाचं कोणाला दिसत नाही.

एक्सेलच्या मॅक्रोवाल्यांचं दुःख निराळं. ॲरेचा आकार बदलणारं नुसतं रीडिम लिहिलं तर ॲरे मोठा होतो आणि कोराही होतो. सकाळपासूनच्या गाड्या साफ. प्रिझर्व्ह जोडलं तर माल टिकतो, पण दोन मितींच्या ॲरेत फक्त शेवटची मिती वाढते. ओळी वाढवायला गेलात की एरर नऊ, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज. म्हणून जाणकार लोक तक्ता आडवा भरतात, रकाने आधी, ओळी नंतर, आणि शीटवर टाकताना ट्रान्सपोजने उभा करतात. लूपमध्ये एकेकाने रीडिम प्रिझर्व्ह करणारे मात्र वरच्या पाच लाखांच्या हिशेबात गेले असं समजा. शंभर-शंभरने वाढवा, शेवटी एकदाच कापा.

अंदाज असेल तर आधीच सांगून टाकणं उत्तम. वेक्टरला रिझर्व्ह 500 सांगा, एकदाच जागा घेतली जाते. पण रिझर्व्हऐवजी चुकून रीसाइझ लिहिलं तर पाचशे शून्यं खरोखर भरली जातात, आणि पुशबॅकने आलेली पहिली गाडी पाचशे एकाव्या क्रमांकावर लागते. अहवालात दर क्विंटलची सरासरी अर्ध्यावर येते आणि बैठकीत भाव का पडले यावर तासभर गंभीर चर्चा होते.

वाढलेला ॲरे पुन्हा लहान करणं ही वेगळीच साडेसाती. वेक्टरला क्लियर केलं की माणसं जातात, जागा अडकूनच राहते. जास्तीची जागा परत करायला श्रिंक टू फिट आहे, पण प्रमाणित नियमांतच ती बंधनकारक नसलेली विनंती आहे: मान्य होईल किंवा आवक-जावकमध्ये पडून राहील. बऱ्याच ठिकाणी यावर रात्री दोनला सर्व्हर रीस्टार्ट करतात. माझी त्याला हरकत नाही. फक्त आयटी पार्कच्या टपरीवर कोणी त्याला मेमरी मॅनेजमेंट म्हणालं की ठसका लागतो, आणि तोंडात तर्रीपोहा असताना ठसका बरा नव्हे.