हडसन नदीवरच्या त्या तिघी

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेलं यूएस एअरवेजचं एअरबस जेमतेम तीन हजार फुटांपर्यंत चढलं होतं. कॅनडा गीज जातीच्या मोठ्या पाणहंसांचा थवा आडवा आला, दोन्ही इंजिनं गेली आणि कॅप्टन सलेनबर्गरने विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ पैकी १५५ माणसं वाचली. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर येते, कंपनीच्या लीडरशिप ट्रेनिंगमध्ये येते, आणि दरवेळी विमान पाण्याला टेकलं की संपते.

माझं भांडण तिथेच आहे. विमान टेकलं तेव्हा १५० प्रवासी आतच होते, मागच्या बाजूने पाणी शिरत होतं आणि बाहेर जानेवारीतली गोठवणारी थंडी. त्या सगळ्यांना दाराबाहेर कोणी काढलं? शीला डेल, डोना डेंट आणि डोरीन वेल्श या तीन एअर होस्टेसनी. नावं ऐकलीत कधी? वयं ५७, ५१ आणि ५८. सगळ्यात कमी नोकरी झालेलीच्या खात्यावरही पंचवीसहून जास्त वर्षं होती.

सलेनबर्गर थोर होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला समोर नदी दिसत होती, या तिघींना काहीच दिसत नव्हतं. धाडधाड आवाज आला, जळका वास पसरला आणि मग इंजिनांची घरघरच थांबली. कॉकपिटमधल्या दोघांना बोलायला उसंत नव्हती. टेकायच्या सुमारे दीड मिनिट आधी एकच घोषणा झाली, ‘ब्रेस फॉर इम्पॅक्ट’, म्हणजे धडकेसाठी सावरून बसा. त्यात पाण्याचा उल्लेखही नव्हता. आपण जमिनीवरच आदळणार असं समजून तिघींनी ओरडायला सुरुवात केली: ‘ब्रेस, ब्रेस! हेड्स डाउन, स्टे डाउन!’ न थांबता, एकाच लयीत. कॉकपिटच्या बंद दारातून तो आवाज आत पोचला. तो ऐकून धीर आला, असं कॅप्टननेच नंतर सांगितलंय.

पुढचं जरा सावकाश वाचा. पुढे दोघी होत्या. डावं दार उघडलं तर घसरगुंडीचा तराफा आपोआप फुगला नाही, हँडल ओढून हाताने फुगवावा लागला. उजव्या दाराचा तराफा फुगला, पण माणसं उतरत असतानाच दार पुन्हा मिटायला लागलं आणि तराफ्यावर दाबायला लागलं. तिथे काय करणार? त्या दारावरच्या एअर होस्टेसने एक धडधाकट प्रवासी हेरला आणि दार धरायला उभा केला. बस्स. हे कुठल्या पुस्तकात वाचून ऐन वेळी सुचत नाही.

मागे वेल्श एकटी. टेकताना जमिनीतून वर घुसलेल्या धातूच्या तुकड्याने तिच्या पायाला खोल जखम झाली होती. मागचं दार किंचित उघडलं गेलं होतं, ते परत बंद होईना आणि पाणी भराभर चढत होतं. लोक सवयीने मागच्या दाराकडे यायला लागले, तर तिने ओरडून ओरडून त्यांना उलटं पुढे पिटाळलं. पायातून रक्त वाहतंय हे तिला बरंच नंतर कळलं. मग तराफ्यात पट्टी आवळली.

अपघाताच्या चौकशी अहवालात एक आकडा आहे: सुमारे ७० टक्के प्रवाशांनी उड्डाणाआधीचं सुरक्षा प्रात्यक्षिक पाहिलंच नव्हतं. अमेरिकेतली गोष्ट आहे बरं का, उगाच ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ म्हणून हळहळू नका. हळहळायला आपल्याकडे वेगळी कारणं आहेत. चाकं टेकायच्या आत बेल्टचे खटखट आवाज, विमान टॅक्सी करतंय तोवर वरून बॅग काढायची घाई, आणि ‘सर, प्लीज बसा’ म्हणणाऱ्या मुलीकडे तुच्छतेने बघणं. २०२४ च्या २ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, घोषणेची यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी ३७९ जण सुखरूप बाहेर पडले. क्रूने मेगाफोनवर ओरडून बॅगा जागेवरच ठेवायला लावल्या होत्या.

पक्ष्यांची धडक आपल्यालाही नवी नाही. १९ जून २०२२ ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या स्पाइसजेटचं डावं इंजिन पक्षी आदळून पेटलं, कॅप्टन मोनिका खन्नांनी विमान परत आणून उतरवलं. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर एमिरेट्सच्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला, जवळजवळ चाळीस पक्षी मेले, विमान मुंबईत नीट उतरलं. टेकऑफ आणि लँडिंगला खिडकीचं झाकण वर करायला सांगतात ना, आणि आपण झोपेचं खोबरं झालं म्हणून कुरकुरतो? कॉकपिटमधून पंखाखालचं इंजिन सहसा दिसत नाही. आग, धूर, बाहेरचा धोका आधी केबिनमधूनच दिसतो. तेव्हा ती मुलगी जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, ताठ बसलेली असते, तेही नुसतं बसणं नसतं. आता काही झालं तर कुठलं दार, कुठली आरोळी, मदतीला कोणता प्रवासी, याची मनात उजळणी चालू असते. दर उड्डाणाला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सरकारी विमानातल्या वयस्क एअर होस्टेसवरचे, ‘आंट्यांवरचे’ विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेत, हसलोही आहोत. एके काळी एअर इंडियाचा नियमच होता: एअर होस्टेसने ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर जायचं, पहिल्या गरोदरपणात तर जायचंच. मुदतवाढ मिळालीच तर जास्तीत जास्त ४५ पर्यंत, तीही साहेबांच्या मर्जीने. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी हे घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९८१ च्या निकालात गरोदरपणाची अट रद्द झाली, साहेबांच्या मर्जीचा भागही उडाला, लग्नाची अट मात्र कोर्टाने ठेवली. पुढे नियम बदलले. आपली नजर बदलली का, ते जाहिराती बघून ठरवा. त्यात लिपस्टिक दिसते, दार कोणाला उघडता येतं ते दिसत नाही.

त्या नियमाने हडसनवरच्या तिघींपैकी एकीलाही त्या विमानात चढता आलं नसतं. वेल्शला तर निदान तेरा वर्षं आधीच घरी पाठवलं असतं. मग त्या मागच्या दाराशी कोण उभं असतं, हे ‘आंटी’वाल्या विनोदवीरांनी कमेंटमध्ये सांगावं.