बिनजीवनसत्त्वाचा पालक

न जाणो, एखादं 'क' जीवनसत्त्व चुकून भाजीत राहून जायचं! म्हणून आमच्या घरची पालकाची रीत सांगते, तंतोतंत पाळा.

सुरुवात आदल्या रात्री. टीव्हीसमोर बसून जुडी निवडा आणि बारीक, अगदी रांगोळीसारखी चिरा. धुवायची मात्र चिरल्यावरच. आधी धुतली तर नुसती मातीच जाते, बाकीचं सगळं पानात तसंच! मग पातेलंभर पाण्यात भिजत घाला आणि खुशाल झोपा. 'क' आणि 'ब' गटातली मंडळी पाण्यात विरघळणारी. रात्रीतून आपापली बाहेर पडतात, हाकलावं लागत नाही.

सकाळी नवं पाणी, मोठी आच, झाकण नाही. वर चिमूटभर खायचा सोडा. भाजी लग्नातल्यासारखी हिरवीगार दिसते आणि थायमिन, म्हणजे 'ब१', जागच्या जागी गारद. चिंच-आमसूल घालायची दुर्बुद्धी होईल, पण हात आवरा. आंबटात 'क' तग धरतं. आजीचं बिनकल्हईचं तांब्याचं पातेलं माळ्यावर असेल तर सोन्याहून पिवळं. तांबं 'क'चा असा फडशा पाडतं की सोड्यालाही लाज वाटावी.

वीस मिनिटांनी चाळणीत ओता. हिरवं पाणी मोरीत, लगदा कढईत. (आमची आत्या त्या पाण्यात कणीक भिजवायची. जुन्या लोकांना कोण सांगणार?)

बीटा कॅरोटीन मात्र चिवट. त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं. ते पाण्यात विरघळत नाही, शिजवून फारसं हटत नाही. पण अंगी लागायला त्याला थोडं तेल लागतं, तिथेच त्याला गाठायचं. फोडणीच देऊ नका. कुणी विचारलं तर 'डाएट' म्हणा.

मुळ्याचा पाला? भाजीवाल्या मावशींना तिथेच मोडून ठेवायला सांगा. त्या तो वेगळा ठेवतात आणि संध्याकाळी घरी बेसन पेरून भाजी करतात. करू देत बापड्या.

जेवण झालं की बी-कॉम्प्लेक्सची गोळी. दुसऱ्या दिवशी लघवी हळदीसारखी पिवळीजर्द झाली तर घाबरू नका. गोळीतलं रायबोफ्लेविन, म्हणजे 'ब२', शरीराला जितकं नको होतं, तितकं बाहेर पडलं. हिरवं मोरीतून गेलं होतं, पिवळं इथून गेलं. फ्लश करा आणि पालक निवडायला बसा.