अंटार्क्टिका ग्रुप टूर : दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका, त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. जहाजावर वरण-भात दोनदाच मिळाला ही चूक आमचीच, मान्य. पण तुम्ही लिहिलंय, "इतके लाख घेऊन पेंग्विनपाशी जेमतेम तास, बाकी वेळ ताटकळत", ते मात्र लागलं हो. सकाळपासून दोन जणांनी तुमचा रिव्ह्यू दाखवून बुकिंग थांबवलंय, म्हणून ऑफिस बंद करून हे टाइप करतोय.

काका, तो वेळ मी नाही कापला. तिथे एका जागी एका वेळी 100 च्या वर पॅसेंजर उतरवत नाहीत, आपल्या जहाजावर 180 होते, म्हणजे दोन पाळ्या, हे राजवाड्याजवळच्या ऑफिसात बुकिंगच्या दिवशीच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही कचोरी खात हो हो म्हणालात. 500 च्या वर पॅसेंजरवाल्या मोठ्या जहाजातून तर उतरूच देत नाहीत, लांबून बर्फ बघायचा आणि परत. ते स्वस्त पडतं, पटकन विकलंही जातं, तरी मी विकत नाही.

आणि आपल्या पाळीतली वीस मिनिटं कुठे गेली ते रिव्ह्यूत नाहीये. आदल्या दिवशी सगळ्यांचे खिसे व्हॅक्यूमने साफ केले, वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढलं, कारण बाहेरचं बी तिथे रुजलं की निस्तरणं कठीण. तरी किनाऱ्यावर तुमच्या खिशातून रतलामी शेवेची पुडी निघाली! आपण इंदूरवाले, ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकणारे लोक, मला तिथे मान खाली घालावी लागली. मग नातवासाठी खडा उचललात, गाइड पोरगी हात जोडत होती आणि तुम्ही "एका दगडाने काय होतं" म्हणत वाद घालत बसलात. अहो, जेंटू पेंग्विन त्याच खड्यांचं घरटं करतो, एकमेकांचे चोरतोसुद्धा. सीझनला लाखभर टुरिस्ट जातात तिकडे, सगळ्यांनी एकेक आणला तर?

"पक्कं हॉटेल, जेट्टी करायला हवी, विकास अडवलाय" असंही लिहिलंय. झालं तर माझाच धंदा वाढेल, खोटं कशाला बोलू, आणि आपलं जहाजही धूर सोडतंच, मी काही संत नाही. पण 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे अंटार्क्टिका जपायच्या देशादेशांमधल्या कराराने, तिथे खनिजं काढायला बंदी घातली, आपल्याकडेही 2022 मध्ये अंटार्क्टिकासाठी कायदा झाला, ते उगाच नाही. डिसेप्शन बेटावर व्हेलचं तेल काढायच्या गंजक्या टाक्या बघितल्यात ना? 1931 मध्ये धंदा बसला, माणसं निघून गेली, लोखंड अजून तिथेच. त्याच टाक्यांसमोरचा फोटो तुमचा डीपी आहे.

पुढच्या ग्रुपला नियम मराठीत छापून देऊ, जेवणाचंही काहीतरी बघतोच. रिव्ह्यू काढा म्हणत नाही, फक्त शेवेचं तेवढं त्यात घाला. आणि काकूंचे लोकरी मोजे आमच्या सामानात आलेत, संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसात असतो.