पुतळ्याला हात लावू नये

ग्रामीण डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी इमर्जन्सीचं प्रशिक्षण भरवायचं मनावर घेतलंय? शाबास. असंच एक दोन दिवसांचं प्रशिक्षण गेल्या महिन्यात इंदूरला भोगून आलोय, तेव्हा हक्कानं चार गोष्टी सांगतो.

जागा आधी ठरवा. आमच्यासारख्या सामुदायिक आरोग्य केंद्रात चुकूनही भरवू नका. तिथं सक्शन मशीन, ऑक्सिजनचं सिलिंडर असलं खरंखुरं सामान असतं, आणि ते चालतं की नाही हे चारचौघांत कळायचं भय असतं. विजयनगरात एसी हॉल घ्या. नाश्त्याला पोहे-जलेबी, पोह्यांवर जिरावण मसाला. बॅनरवर 'गोल्डन अवर', म्हणजे पेशंट वाचवायचा पहिला मोलाचा तास, हे शब्द टपोरे हवेत. पहिला गोल्डन अवर सत्कारात जातो.

रात्रपाळीच्या सिस्टरला बोलावू नका. ती इकडे आली तर तिकडे रात्री पेशंट कोण बघणार? निवृत्तीला चार महिने उरलेला किंवा बदलीचा आदेश खिशात घेऊन फिरणारा गडी उत्तम. आशाताई तर नकोतच. गावात पेशंटपाशी सगळ्यांत आधी त्याच पोचतात, एवढं कारण पुरे.

प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्टला पेपर एकच ठेवा. उत्तरं चहाच्या वेळी सांगून टाका, म्हणजे ज्ञान वाढल्याचा आलेख आपोआप निघतो.

स्लाइडवर 'पुढची पायरी : सीटी स्कॅन' असं अवश्य लिहा. आमच्याकडे एक्स-रेवाला मंगळवार-शुक्रवार येतो.

ग्रामीण डॉक्टरला तुझा अनुभव काय, असं विचारू नका. त्याला काय कळतं! विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडकडे पेशंट बघता बघता हिंमतराव बावसकरांनी जगाला दाखवलं, तो अपवाद समजा.

छाती दाबायच्या, श्वास द्यायच्या सरावाचा पुतळा साठ जणांत एक पुरतो. त्याचं प्लास्टिक काढू नये, मळतो. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, ३० दाबांमागे २ श्वास द्यायचे, हे पडद्यावरून वाचून दाखवा. दाबायचा मान पाहुण्यांचा, फोटोपुरता. माझा नंबर चाळिसाच्या पुढे होता. तोवर जेवण लागलं.

आणि हो, पावसाळा आहे, तेव्हा साप घ्याच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांचे रंगीत फोटो दाखवा. रक्त गोठतं का बघायला काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्या, २० मिनिटं हलवू नका. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० बाटल्या, पोर असो की मोठा माणूस, डोस तोच. आमचे तज्ज्ञ यातलं काहीच चुकीचं बोलले नाहीत. फक्त मण्यार चावलेल्याचं रक्त त्या नळीत छान गोठतं, आणि माणूस जातो तो श्वास थांबून. त्याबद्दल एक ओळ होती, 'व्हेंटिलेशन सपोर्ट द्यावा'. तो हातानं कसा द्यायचा, ते वेळेअभावी राहिलं. आभारप्रदर्शन मात्र पाऊण तास चाललं.

परतल्यावर नवव्या दिवशी, पहाटे साडेतीनला, अकरा वर्षांचा पोरगा आला. जमिनीवर झोपला होता, पोट दुखतंय म्हणून उठला. अंगावर दंशाची खूण सापडेना. पापण्या उघडत नव्हत्या, मान धरत नव्हती. मण्यारच असणार. एएसव्ही लावली, एकशे आठला फोन केला, तोवर श्वास उथळ होत चालला. अँबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, होती. लहान मुलाचा मास्क कपाटात, किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर इंदूरला. कुलूप फोडलं. सिस्टर बॅग दाबतेय आणि छाती हलत नाही, पोट फुगतंय. मी बॅग घेतली. माझ्याही हातून तेच. हो, प्रमाणपत्रवाल्या हातून! हवा गालांवरून फुसफुसत निघून जातेय आणि दारात त्याचा बाप, "साहब, कुछ तो करो" एवढंच म्हणत उभा.

गाडी आली. तिच्यातला ईएमटी, म्हणजे इमर्जन्सीचा तंत्रज्ञ, जेमतेम चोविशीचा, वाकला. अंगठा आणि तर्जनी मास्कभोवती, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. "सिस्टर, मास्क नीचे मत दबाओ, जबड़ा ऊपर खींचो." छाती वर आली. सिस्टरच्या हातात मास्क दिला, तिची बोटं नीट बसवली, पुन्हा वर आली. शिकवायला वीस सेकंद लागले असतील. इंदूरपर्यंत दोघं आळीपाळीनं बॅग दाबत गेले. सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहून पोर घरी आलं.

दोन दिवसांत तुम्हाला वीस सेकंद सापडले नाहीत? शाली पांघरायला वेळ होता, पेन आणि फोल्डर वाटायला वेळ होता, साठ माणसांचे हात पुतळ्यावर टेकवायला नव्हता? लाज वाटू द्या थोडी. गाडी दहा मिनिटं उशिरा आली असती, तर त्या बापाला काय तुमचा पोस्ट-टेस्टचा आलेख दाखवणार होतो? माझीही मला वाटतेच आहे. नंबर चाळिसाच्या पुढे असला तरी पान सोडून उठायला हवं होतं, पुतळ्याचं प्लास्टिक फाडायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा गुलाबजाम घेत होतो.

माझ्या प्रमाणपत्रावर आडनाव चुकलंय. राहू द्या. तो पुतळा मात्र पाठवा, जुना, फाटका, कसाही चालेल. आणि मास्क सगळ्या मापांचे, कुलूप नसलेल्या डब्यात. सोमवारपासून दुसऱ्या सिस्टरची रात्रपाळी आहे, तिनं बॅग अजून हातात धरलेली नाही, आणि पाऊस अजून दीड महिना आहे.