गरोदर बाईच्या ताटातलं अंडं काढू नका

माझी भाची सातव्या महिन्यात आहे. हिमोग्लोबिन ८.६. गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला, पोरीने अंडी-मासळी सगळं सोडलंय. मला वाटलं वार पाळत असेल. तर नाही. सासरच्या ग्रुपवर 'माणूस जन्मतः शाकाहारी' असा एक लांबलचक मेसेज आला, तो तिने तीनदा वाचला आणि ती घाबरली. रात्री तिने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?"

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हा मेसेज माझ्याकडे आधीही दोन-तीनदा येऊन गेला होता आणि दर वेळी मी तो न वाचता पुढे सरकले होते. या वेळी पूर्ण वाचला.

पहिला दावा पाण्याचा. मांसाहारी प्राणी जिभेने लपलप पाणी पितात, शाकाहारी ओठांनी ओढून पितात, माणूस ओठांनी पितो, म्हणून माणूस शाकाहारी. डुक्कर ओठांनीच पाणी ओढतं आणि मिळेल ते खातं. आपल्याकडची माकडं ओढ्याला तोंड लावून पाणी पितात आणि किडेही खातात, पक्ष्यांची अंडीही पळवतात. उलट ससा जिभेने पाणी पितो आणि आयुष्यभर पाला खातो. याच मुद्द्याला जोडून डोळ्यांचं शास्त्र सांगितलंय: मांसाहाऱ्यांची पिल्लं डोळे मिटून जन्मतात, शाकाहाऱ्यांची डोळे उघडे ठेवून. पुन्हा ससाच बघा. सशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर केस नसतात आणि डोळे घट्ट मिटलेले असतात, ते उघडायला दहाएक दिवस जातात. तिसरीतल्या मुलाने ससा पाळला असेल तर त्यालाही हे माहीत असतं. तरीही मोठी, शिकलेली माणसं हे एकमेकांना 'नक्की वाचा' म्हणून पाठवतात.

आतड्यांचा मुद्दा ऐकायला जरा शास्त्रीय वाटतो. आपली आतडी लांब, म्हणून मांस आत सडतं, असं म्हटलंय. मांसातली प्रथिनं जठरातल्या आम्लाने आणि लहान आतड्यातल्या रसांनी पचतात. मोठ्या आतड्यापर्यंत न पचता पोहोचतो तो मुख्यतः भाज्या-धान्यांचा चोथा, आणि तो तिथे आंबतो हे आपल्या भल्याचंच आहे. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट आपल्याला नाही, गवत आपल्याला पचत नाही, ज्वारीसुद्धा दळून-भाजून खावी लागते. आपण दोन्ही पचवणारे प्राणी आहोत. म्हणून न खाण्याची मुभाही आपल्याला आहे, पण ती मुभा वापरणं हा आपला निर्णय असतो, शरीराचा हुकूम नसतो.

मांसाने राग वाढतो, या मुद्द्याला पुरावा म्हणून एक ओळही दिलेली नाही. सोडून देते.

'आयुर्वेदात मांस निषिद्ध आहे आणि आपली संस्कृती शाकाहारी आहे' हा मुद्दा मात्र सोडणार नाही, कारण भाचीच्या सासरी आयुर्वेदाचा शब्द शेवटचा असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंचविसावा अध्याय काढा. कशासाठी काय श्रेष्ठ याची तिथे मोठी यादी आहे. त्यात 'क्षीरं जीवनीयानाम्' आहे, म्हणजे जीवन देणाऱ्यांत दूध श्रेष्ठ. त्याला लागूनच 'मांसं बृंहणीयानाम्' आहे, म्हणजे शरीर भरून आणणाऱ्यांत मांस श्रेष्ठ. सत्ताविसाव्या अध्यायात तर मांसांचा अख्खा वर्ग गुणदोषांसह दिलाय. चरकाने सांगितलं म्हणून खा असं मी म्हणत नाही. पण चरकाच्या नावावर उलटं खपवू नका. राहिली संस्कृती. जनगणना करणाऱ्या रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाच्या २०१४ च्या पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे जवळपास ६० टक्के लोक मांसाहारी निघाले. त्यांना कुठल्या संस्कृतीत बसवणार?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो मुद्दा. मेसेजमध्ये लिहिलंय: 'मरताना प्राण्याला झालेली भीती आईच्या रक्तातून गर्भात उतरते आणि मूल क्रूर जन्मतं.' भाचीने याच ओळीखाली बोट ठेवून फोटो पाठवला होता.

बाळाला वारेतून, म्हणजे आईकडून नाळेवाटे, काय मिळतं? अमिनो आम्लं, साखर, स्निग्धाम्लं, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं. मुगाची प्रथिनं असोत की मांदेली मासळीची, आतड्यात ती तुटून त्याच अमिनो आम्लांची होतात. भीती तिथून पलीकडे जात नाही. मात्र आईच्या अंगात बी-१२ नसेल तर ती उणीव नक्की पलीकडे जाते, आणि त्याचा परिणाम बाळाच्या मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर होतो. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं, नाहीतर गोळीतून. मासळीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषलं जातं.

शाकाहारी बाई गरोदरपण नीट पार पाडू शकत नाही, असं कोणी वाचू नये. लाखो पाडतात. दूध-दही, डाळी-उसळी, शेंगदाणे, नाचणी, जेवणात लिंबू आणि डॉक्टरांच्या गोळ्या, एवढं सांभाळलं तर होतं. पण भाचीने सोडताना जागी काहीच आणलं नाही. दुधाच्या वासाने तिला उलटी होते. आठवडाभर ती वरण-भात आणि चहा यांवर होती, आणि चहाही जेवणानंतर लगेच, म्हणजे होतं ते लोहही अडवणारा. नुसत्या अंड्यांनी हिमोग्लोबिन चढतं असाही माझा दावा नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या आहेतच. पण प्रथिनं आणि बी-१२ मिळण्याचं तिचं मुख्य साधन तिच्या हातून काढून घेतलं गेलं, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी त्याला गर्भसंस्कार म्हटलं.

हे एका घरापुरतं असतं तर मी फोनवरच मिटवलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. त्याच महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. न खाणाऱ्यांना केळं होतं, सक्ती कुणावर नव्हती. तरी विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा सरकारी पैसा थांबला. द्यायची तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं गेलं. ज्या वस्तीत वह्यांना पैसे नाहीत तिथे वर्गणी कोण काढणार?

ते अंडं मी वर्षभर वाटलंय. माझ्या वर्गातली एक मुलगी पांढरा भाग आधी संपवायची आणि पिवळा बलक तळहातावर ठेवून शाळेच्या पायरीवर जाऊन बसायची. तो ती चिमटी चिमटीने खायची, घंटा होईपर्यंत. अंड्याच्या दिवशी ती कधी गैरहजर राहिली नाही.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा कोंबड्यांच्या हालांचा आहे, आणि तो, नाइलाजाने का होईना, अर्धा मान्य करावा लागतो. पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबडीला वहीच्या पानाएवढी जागा मिळते, पंख पसरता येत नाहीत. त्या जातीची नर पिल्लं उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारतात. ब्रॉयलर चाळीसएक दिवसांत कापायला तयार होतो आणि मोटरसायकलला उलटा टांगून नेला जातो. हे मी रोज रस्त्यावर पाहते आणि मला ते पाहवत नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये या कोंबड्यांच्या पालनावर आणि वाहतुकीवर वेगळा अहवाल दिलाय. त्यासाठी आंदोलन करा, मी येते. पण हाच मेसेज दोन ओळींनंतर भरपूर तूप खा म्हणतो. म्हशीला रेडा झाला की त्याच्या वाट्याला किती दूध येतं आणि तो पुढे कुठे जातो, हे कुठल्याही गोठ्यावर विचारा. हिंसेचा हिशोब मांडायचा असेल तर दुधापाशी येऊन वही मिटता येणार नाही.

माझे आजोबा माळकरी होते. विशीत माळ घातली, त्यानंतर वशाट तोंडात घातलं नाही. त्यांचा तवा वेगळा, तांब्या वेगळा. पण कोळीण दारात आली की बोंबील निवडून घ्यायला तेच उठायचे, कारण आजीला सहा पोरांचं वाढतं अंग दिसायचं आणि ते त्यांनाही दिसायचं. "जीव दुखवायचा नाही" एवढंच ते स्वतःबद्दल सांगत. त्यासाठी त्यांना सशाचे डोळे उघडावे लागले नाहीत. बाळ क्रूर होईल असं त्यांनी कुठल्याही पोटुशीला सांगितलं नाही.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. बांगडा, तारली, मांदेली अशी लहान मासळी खा, मोरीसारखी (म्हणजे शार्क) मोठी सध्या नको, त्यात पारा जास्त असतो. अंडं पूर्ण उकडलेलं खा. चहा जेवणानंतर तासाभराने घे. आणि तुझं मन खरंच खाण्यावरून उडालं असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांग, बी-१२ तपासून घेऊ, सोयीचं दुसरं काही शोधू. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मन नाही उडालं गं, भीती वाटली." काल ताईने मांदेल्यांचं तिखलं केलं, ती भातासोबत दोनदा वाढून घेऊन जेवली. पुढची रक्ततपासणी पंधरा तारखेला आहे.