बॉनेटचा खटका

गाडी चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली, गाडीही तीच. या अकरा वर्षांत मी तिचं बॉनेट स्वतःच्या हाताने एकदाही उघडलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. झाकली मूठ, तसं झाकलं बॉनेट.

मूठ उघडली ती मागच्या महिन्यात, पेट्रोल पंपावर. समोरच्या काचेवर पाणी उडवायचं बटण दाबलं तर पाण्याऐवजी नुसतीच घरघर आली. टाकी भरून, झाकण लावून निघालेल्या पोराला मी म्हटलं, "काचेचं पाणीही टाकतोस का जरा?" तो म्हणाला, "टाकतो की. बॉनेट उघडा." मी सराईतासारखा सीटच्या कडेला हात घातला आणि हाताला लागला तो खटका ओढला. डिकी उघडली. दुसरा ओढला. त्याने नुकतंच बंद केलेलं टाकीचं झाकण पुन्हा उघडलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. "राहू दे," मी म्हणालो, "घरी बघतो."

आता घरी बघणं आलं.

रविवारी सकाळी ग्लोव्ह बॉक्स उपसला. जुन्या पावत्या, एका काडीचा गॉगल आणि वाळलेलं पेन यांच्या तळाशी गाडीचं मॅन्युअल निघालं, प्लास्टिकच्या पिशवीसकट, कोरं करकरीत. त्यातली अर्धीअधिक पानं कशाकशाला हात लावू नये हे सांगणारी होती. उरलेल्यांत बॉनेटचा खटका सापडला. तो माझ्या पायांपाशीच होता. अकरा वर्षं तिथे माझा गुडघा घासत होता आणि मला वाटायचं, गाडीची बांधणीच तशी.

खटका ओढल्यावर बॉनेट बोटभर उचललं गेलं आणि अडलं. आत आणखी एक कडी असते. पहिला खटका चालत्या गाडीत चुकून सुटलाच, तर वाऱ्याने बॉनेट उलटून काचेवर आदळू नये म्हणून. कल्पना उत्तम आहे. फक्त ती कडी चाचपडत शोधावी लागते, अंधाऱ्या माळ्यावर हात घालून किल्ल्या शोधाव्यात तशी. ती सापडली तेव्हा एका हाताने बॉनेट डोक्यावर तोललेलं आणि दुसऱ्या हाताने त्याला टेकू द्यायची दांडी शोधतोय, अशा अवस्थेत मी होतो. नेमके तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका आले.

उघड्या बॉनेटपाशी माणसं कुठून येतात, देव जाणे. मूठभर साखर सांडली तर मुंग्यांनाही वास यायला जरा वेळ लागतो. काकांपाठोपाठ तळमजल्यावरचा एक तरुण आला आणि कुणाचाच कुणी नसलेला एक वाटसरूही थांबला. तिघेही हात मागे बांधून इंजिनाकडे बघू लागले, पेशंटच्या खाटेभोवती उभं राहून बघतात तसे.

"काय झालं?" काका.

"काही नाही. बघतोय."

"काय बघताय?"

याचं उत्तर पुढच्या पानावर होतं, म्हणून मी पान उलटलं.

सुरुवात ऑइलपासून. गाडी सपाटीवर हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत, म्हणजे वर फिरणारं ऑइल निथळून तळाला येतं. माझी गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळे या एका बाबतीत मी पुढे होतो. पिवळी कडी धरून डिपस्टिक ओढली. ती निम्म्यापर्यंत ऑइलने माखलेली. "भरपूर आहे!" मी जाहीर केलं. मग पुढची ओळ वाचली. पहिल्यांदा निघालेलं ऑइल धरायचंच नसतं. पट्टी पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची आणि मग बघायचं. म्हणजे साक्षीदाराची पहिली साक्ष फेकून द्यायची आणि तोंड पुसून त्याला परत उभं करायचं. दुसऱ्या साक्षीत ऑइल दोन खुणांच्या मध्ये, पण खालच्या खुणेकडे झुकलेलं निघालं.

"काळं झालंय," वाटसरू म्हणाला. त्यावर तिघांनी माना हलवल्या. खरं तर नुसत्या काळेपणावरून ऑइल निकामी ठरत नाही, इंजिनातली काजळी अंगावर घेणं हे त्याचं कामच आहे. "चांगलं वरपर्यंत भरून टाका," काका म्हणाले, "जास्त असलेलं कधीही बरं." हा सल्ला आयुष्यात बहुतेक ठिकाणी चालतो, इथे नाही. ऑइल वरच्या खुणेच्या फार वर गेलं तर आतला फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसाने वंगणाचं काम होत नाही. हे मी मॅन्युअलमधून मोठ्याने वाचून दाखवलं. काकांना ते आवडलं नाही.

पट्टी ज्या फडक्याने पुसली ते फडकं नव्हतं, हे मला नंतर घरात कळलं. तो विषय वेगळा.

पुढे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. त्याची पांढरट टाकी आरपार दिसते, पातळी बाहेरूनच वाचायची, उघडायचं काही नाही. पण काकांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला होता. त्याच पानावर वाफेत होरपळणाऱ्या माणसाचं चित्र होतं. गरम इंजिनात ते पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. "हात काढा!" मी एवढ्याने ओरडलो की दोन खिडक्या उघडल्या. काकांनी हात खिशात घातला. इंजिन थंडगार होतं, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवलं.

ब्रेक ऑइलकडे मी लांबूनच बघितलं. ते हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून झाकण विनाकारण उघडायचं नाही. पातळी उतरलेली दिसली तर वरून ओतून मोकळंही व्हायचं नाही. ब्रेकचे पॅड झिजत जातात तशी ती हळूहळू उतरते, आणि कुठे गळतंय का तेही त्यावरूनच कळतं. नुसतं बघण्यासारखी गोष्ट सापडल्याने मला फार बरं वाटलं.

आणि मग ते पाणी, ज्याच्यापायी हे सगळं. निळं झाकण, त्यावर कारंज्याचं चित्र. चित्र नसतं तर मी ते कशात ओतलं असतं, याचा विचार न केलेला बरा. बटण दाबलं, पाणी उडालं, वाटसरूच्या शर्टावर पडलं. तरीही तो गेला नाही.

टायर हा मात्र सर्वांचा हक्काचा विषय निघाला. तिघांनी एकेका टायरला लाथ मारली आणि हवा बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. मी टायरच्या अंगावरचा आकडा वाचला, ४४. "मग ४४ भरा," तरुण म्हणाला. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. गाडीला लागणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, माझा ३३. मी ते स्टिकर रोज दार उघडताना बघत होतो आणि कारखान्याचं काहीतरी असेल म्हणून सोडून देत होतो. हवा मोजायची तीही टायर थंड असताना, कारण गाडी पळवून आणली की आकडा तीन-चारने चढतो. गेज लावला. मागचा डावा टायर २४. लाथेच्या परीक्षेत तो पहिला आला होता.

स्टेपनीची वाट डिकीतून जात होती. दोन छत्र्या, एक सतरंजी आणि 'देऊन टाकायचे कपडे' अशी पिशवी उपसल्यावर ती दिसली. गेजने ९ दाखवले. तिच्या अंगावर ०८१४ असं कोरलेलं होतं, म्हणजे २०१४ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेली. अडल्या वेळी धावून यायचं म्हणून अकरा वर्षं बसवून ठेवलेली, आणि इथे तिलाच कुणीतरी उचलून न्यायला हवं होतं. लांबच्या प्रत्येक प्रवासात मी "स्टेपनी आहे ना, मग काय" असं म्हणत आलोय.

शेवटी दिवे. ब्रेकचा दिवा ही गाडीतली अशी वस्तू आहे, जी साऱ्या रस्त्याला दिसते आणि चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. एकटा माणूस असेल तर गाडी उलटी भिंतीजवळ न्यायची, ब्रेक दाबायचा आणि भिंतीवरचा लाल उजेड आरशात बघायचा. माझ्याकडे काका होते. "उजवा लागतच नाही," ते मागून म्हणाले आणि थोड्या वेळाने, "बरेच दिवस लागत नाहीये तो. मी बघतो ना रोज." मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बॉनेट हाताने रेटून बंद करायचं नसतं, वीतभर उंचीवरून सोडून द्यायचं. मी सोडलं. धप्प आवाज आला, गर्दी पांगली. वाटसरू जाता जाता म्हणाला, "एकदा मेकॅनिकला दाखवाच."

काका थांबले. सकाळभर सल्ले देऊन त्यांना चेव चढला होता. "चला, माझीही बघून टाकू," म्हणाले. त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा जुनी. ते ऐटीत आत बसले, खाली हात घातला, क्षणभर चाचपडले आणि जोरात काहीतरी ओढलं.

गाडीच्या मागच्या बाजूला कुठेतरी 'टक्' झालं.

काकांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या वायपरचं रबर फार लक्षपूर्वक तपासू लागलो.